दीड इंचाचा पडदा

९ नोव्हेंबर, रविवार. नांदेड

ही बोर्डाची वही आहे, माझी नाही. कुठला पार्ट कुठे लावला, काय जळलं, काय चाललं, एवढंच लिहायचं. अर्धापूरच्या केळीवाल्यांना घरबसल्या मोटार चालू-बंद कळावी म्हणून मागे वायरलेस डबे करून दिले, तेव्हा काही टिपून ठेवलं नाही. पुढे दुरुस्तीला एक डबा परत आला, तर माझंच वायरिंग मला ओळखू येईना.

करायचं ते असं. काडेपेटीहून जरासा मोठा बोर्ड, त्यावर वायफायवाली चिप, दीड इंचाचा रंगीत डिस्प्ले, आणि काचेला बोट लागलं की कळेल अशी सोय. असे दोन. एक लातूरला वर्षाकडे, तिच्या माहेरी, एक इथे माझ्या टेबलावर. मी इथून एक ओळ लिहायची, ती तिच्या पडद्यावर दिसायची. वाचून तिनं काचेला बोट लावलं की माझा पडदा हिरवा. तिला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

फोनवर ती बोलत नाही. म्हणजे उचलते, "हं" म्हणते, आणि मग आम्ही दोघं एकमेकांच्या घरातला पंखा ऐकत बसतो. ऑगस्टपासून हे असंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिला वेळ द्या. मी वेळ देतोय.

१४ नोव्हेंबर

डिस्प्ले लागला, रंग सुरेख आलेत. मराठी मात्र धड येत नाही. 'दिवस' लिहिलं की वेलांटी द ला सोडून पुढे जाऊन बसते. दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी ठरवलं की अक्षरं पाठवायचीच नाहीत. पूर्ण ओळीचं इथेच चित्र करायचं आणि चित्र पाठवायचं. काम वाढलं, पण ओळ छापल्यासारखी दिसते.

सुदर्शन माझा दुकानातला भागीदार. सोलर पंपाचे कंट्रोलर आम्ही दोघं मिळून दुरुस्त करतो. तो म्हणाला, "एवढा कुटाणा कशाला करून राहिलास रे संगमेश? व्हॉट्सॲप कर की."

मी म्हटलं, तिथे निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. निळ्या खुणेतून माणसानं काय समजायचं?

"मग गाडीत बस. तीन-साडेतीन तासाचं तर लातूर हाय."

रब्बीचं पाणी सुरू झालंय. रोज कुठला ना कुठला पंप बंद, शेतकरी दारात उभा. हे त्याला माहीत नाही का? पण बोलायला काय जातं.

२१ नोव्हेंबर

वायफाय सुरू झालं की बोर्ड दचकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वायफाय पकडताना चिप एकदम करंट ओढते, तेवढा मिळत नाही. मोठा कपॅसिटर लावला, तेव्हा शांत झाला.

सासऱ्यांचा, अप्पांचा फोन आला. वर्षाची बी.एड.ची प्रमाणपत्रं पाठवा म्हणाले. लातूरला घराजवळच्या शाळेत जूनपर्यंत जागा आहे. लगेच कुरिअर केली. चांगलं झालं, तिचं मन रमेल. जूनपर्यंतच आहे, म्हणजे तिनंही जूनमध्ये परत यायचा हिशेब धरलाय.

मग वर्षाला फोन करून बोर्डाचं सांगितलं. ती म्हणाली, "काही पाठवू नका." तिला वाटतं मला उगाच त्रास. पहिल्यापासून तिचा स्वभाव असाच.

२८ नोव्हेंबर

दोन्ही बोर्ड एकमेकांशी बोलायला लागले! एक स्वयंपाकघरात ठेवला, एक बाहेर. पडद्यावर अक्षरांच्या मागे वांगी रंग दिलाय, तिच्या आवडीचा.

टेस्ट म्हणून एक ओळ लिहिली होती. ती पडद्यावर आली तशी मला वाचवेना. खोडली. टेस्टला 'नमस्कार' पुरे.

६ डिसेंबर

सुदर्शन लातूरला लग्नाला गेला, त्याच्या हाती बोर्ड दिला. संध्याकाळी अप्पांचा फोन. "लागलं बगा जावईबापू. देव्हाऱ्याजवळ ठेवलंय. रिकामा पॉइंट तितंच होता. लाईट लई छान पडतो."

वर्षाला द्या म्हटलं. ती भाकरी करत होती.

पहिली ओळ पाठवली : 'पोचलो.'

७ डिसेंबर, रविवार

हिरवा झाला!

सकाळी दात घासत होतो. टेबलावर उजेड पडला म्हणून वळून बघितलं, तर पडदा हिरवागार. ब्रश तोंडात तसाच. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला काहीतरी कळवलं. मी खुर्चीत बसलो आणि रडायलाच लागलो, पेस्ट शर्टावर गळाली.

नंतर मशीनमधली नोंद काढून बघितली. नुसतं बोट टेकवलेलं नाही. काचेच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, सावकाश. तिनं त्या ओळीवरून हात फिरवला. कुणी इतक्या हळू हात फिरवतं ते उगाच नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

हिरवा रोज येतो. सकाळी उजाडता उजाडता, एक दिवस चुकलेला नाही. आता मी रोज रात्री जेवणानंतर ओळ पाठवतो. 'आज भोकरकडे गेलो होतो. थंडी आहे.' 'शेजारच्या सिंधुकाकूंनी वरण दिलं. तुझ्यासारखं नाही.' सकाळी हिरवा झाला की दिवसभर मला कुणी काही बोललं तरी चालतं. काल एक शेतकरी पंपावरून शिव्या देत होता आणि मी हसत होतो. त्याला वाटलं मी त्याला हसतोय.

एक गंमत लक्षात आली. सोमवारी ती जास्त वेळ हात फिरवते. मागच्या सोमवारीही तसंच. रविवारी सुट्टी, माणूस घरात एकटा पडतो, त्याचं ओझं सोमवारी सकाळी जाणवत असणार. आता रविवारची ओळ जरा मोठी लिहायची.

२४ डिसेंबर

वर्षाची शिलाई मशीन पाठवा म्हणून निरोप आला, अप्पांमार्फतच. टेम्पोवाल्या मारोतीच्या गाडीत घालून दिली. सुट्टीत शिवणकाम करायचं असेल.

मशीन गेल्यावर खिडकीखालचा कोपरा रिकामा दिसायला लागला. तिथे फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आहेत. पुसून बघितले, निघत नाहीत. तिथे एक खुर्ची नेऊन ठेवली.

आज लिहायचं होतं, आपली छोटी कशी दिसत होती, तुला आठवतं का? मी तर बघितलंच नाही. लिहिलं नाही. 'स्वेटर घाल' एवढं पाठवलं.

१४ जानेवारी, संक्रांत

फार विचार करून आज सरळ विचारलं. 'जूनमध्ये घरी येशील ना? येणार असशील तरच बोट लाव.'

देवा, झोप कशी लागणार आता.

१५ जानेवारी

हिरवा!!

१९ जानेवारी

घर रंगवायला काढलंय. स्वयंपाकघराला फिकट पिवळा. रंगाऱ्यानं आतल्या खोलीचं छत खरवडताना विचारलं, "साहेब, ही कडी काढू का? खालून लई दिसती." पाळण्याची कडी. मे महिन्यात मीच ठोकली होती, वर्षा खालून स्टूल धरून उभी होती आणि हसत होती, की पडाल आणि पहिल्यांदा तुम्हालाच पाळण्यात घालावं लागेल.

राहू द्या म्हटलं. त्यानं कडीसुद्धा पांढरी रंगवली.

सुदर्शनला सांगितलं, वर्षा जूनमध्ये येतेय. "फोन आला तिचा?" त्यानं विचारलं. मी हिरव्या पडद्याचं सांगितलं. तो बराच वेळ स्क्रू आवळत राहिला. मग म्हणाला, "एकदा जाऊन ये बाबा." कुणाचं चांगलं झालेलं लोकांना बघवत नाही की काय.

३ फेब्रुवारी

शुक्रवारपासून हिरवा झालेला नाही. आधी वाटलं लातूरला लाईट गेली. पण तिकडचा बोर्ड चालू आहे, माझ्या ओळी तिथे पोचतायत. फक्त बोटाची नोंद येत नाही. म्हणजे काचेखालचा टचचा भाग गेला. काल सोमवार असूनही काही आलं नाही, तेव्हा माझी खात्रीच झाली. ती रोज सकाळी हात फिरवत असेल आणि इकडे मला कळत नसेल. तिला वाटेल मी उत्तर देत नाही, माझ्याच चुकीनं.

अप्पांना फोन केला, लागला नाही.

६ फेब्रुवारी

उद्या लातूरला जातो. नवीन डिस्प्ले, सोल्डरिंग आयर्न, तार, मीटर, सगळं बॅगेत भरलं. अर्ध्या तासाचं काम आहे. सुदर्शन मला बसस्टँडला सोडायला तयार झाला.

७ फेब्रुवारी, शनिवार. लातूर

अप्पांच्या घराच्या गच्चीवर बसून लिहितोय.

सकाळी अकराला पोचलो. सासूबाईंनी, कमलम्मांनी दार उघडलं, पायावर घ्यायला पाणी दिलं. वर्षा शाळेत होती, शनिवारची सकाळची शाळा. अप्पा बाहेरच्या खोलीत खाटेवर, काळा चष्मा लावून. डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे, मागच्या शुक्रवारी. मला कुणी कळवलं नाही.

"कळवायचं काय त्यात," अप्पा म्हणाले. "मोतीबिंदू तर हाय. वाकायचं न्हाई म्हणलेत, म्हणून देव्हाऱ्यापाशी जाता येईना झालंय. हितंच खाटेवर बसून गळ्यातलं लिंग हातावर घिऊन पूजा करतो."

मी म्हटलं, बोर्ड बिघडलाय, दुरुस्त करतो. आणि आत गेलो.

देव्हाऱ्याशेजारी भिंतीतल्या फळीवर बोर्ड होता. पडदा दिसत नव्हता. काचेवर भस्म होतं. तीन बोटांचे आडवे पट्टे, डावीकडून उजवीकडे, त्यावर पुन्हा पट्टे, थरावर थर, वाळून पापुद्रे सुटलेले. फटींतून थोडा वांगी उजेड येत होता. कालची माझी ओळ तिथे आत कुठेतरी होती. एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मी रुमालानं पुसायला लागलो, तर अप्पा चाचपडत दारापर्यंत आले. "अहो, पुसू नका की. रोज लावतो मी त्याला."

"रोज?"

"घरात नवी वस्तू आली तर आपण लावतोच की भस्म. तुमच्यात लावत न्हाईत का? फ्रीजला लावलं, वर्षाच्या मशिनीला लावलं. ह्यात तर तुमचा निरोप येतो म्हणलात, म्हणून रोज सकाळी पूजा झाली की ह्यालाबी लावतो. सोमवारी जरा जास्त."

आमच्यात लावत नाहीत का! माझे बाबा देगलूरला दर सोमवारी स्कूटरच्या दिव्याला भस्म लावूनच किक मारायचे. दिव्यावरचं भस्म मी रोज पुसायचो, उजेड कमी पडतो म्हणून. तीन बोटं कशी फिरतात ते मी लहानपणापासून बघितलंय. तरी मला दोन महिने ते ओळखू आलं नाही. जूनच्या प्रश्नाला हो म्हणणारी बोटं ह्यांची होती, आणि ह्यांना प्रश्नही ठाऊक नव्हता.

"वर्षा बघते का हे?" मी विचारलं.

कमलम्मा चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "पयल्या दिवशी बगितलं तिनं. मग म्हणली, अव्वा, हे देवाकडंच राहू दे."

मी बोर्ड हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहिलो. सोल्डरिंग आयर्न बॅगेतून काढलंच नाही.

वर्षा साडेबाराला आली. बारीक झालीय. खांद्याला पिशवी, बोटांना खडू. मला बघून दारातच थांबली. एक क्षण तिचा चेहरा, काय सांगू, असा उजळला की मला वाटलं सगळं ठीक आहे. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या बोर्डाकडे गेलं.

"हे बिघडलं म्हणून आलात?"

खोटं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून "हो" गेलं.

"बरं," ती म्हणाली. पिशवी खुंटीला लावली. "म्हणजे यंत्र बिघडलं की येता येतं नांदेडहून."

जेवण झाल्यावर तिनं चप्पल घातली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"तुम्ही आजपर्यंत एकदाबी विचारलं न्हाई, कुठं ठेवलंय तिला."

मी खरंच विचारलं नव्हतं. ती रात्री जन्मली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. त्या दिवशी मी एका मळ्यात पंप खोलून बसलो होतो, तिथे रेंज नव्हती. मी पोचेपर्यंत अप्पा मातीचे हात धुऊन आले होते. मला वाटलं, विचारलं तर वर्षाला त्रास होईल. तिसऱ्या दिवशी मी परत आलो. कामं होती.

लिंगायतांची रुद्रभूमी घरापासून लांब नाही. मोठ्या माणसांच्या समाध्यांच्या ओट्यांमागे कुंपणाला लागून लहान मुलांची जागा आहे. एक वीतभर उंचवटा, कडेनं विटा लावलेल्या, मध्ये बेलाचं रोप. रोपाला पाणी घातलेलं होतं. वर्षा खाली बसली आणि वाळलेली पानं वेचायला लागली. तिच्या हाताला तिथली सवय होती.

"आठव्या महिन्यात स्वामींनी तिच्यासाठी लिंग बांधलं होतं ना माझ्या दंडाला," ती म्हणाली. "ते तिच्या हातात दिलंय. मूठ छान मिटली होती तिनं. डोक्यावर तुमच्यासारखे केस. भोवरा बी तुमच्यासारखाच, उजवीकडं."

मी तिथे उभा राहून काय करत होतो ते मला आठवत नाही. ओरडलो असेन, कारण लांबचा माणूस बघायला लागला. वर्षानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"अंबिका नाव ठेवलं तिचं," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी. अव्वा आणि मी, दोघीच होतो. तिच्या कानात सांगायचं ते मी हितं येऊन मातीला सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"फोनवर सांगू? रोज वाटायचं तुम्ही याल, मग सांगू. दिवाळीत तर मी नवी साडी नेसून बसले होते." ती पानं वेचत होती. "तुम्ही लई वाईट न्हाई. तुमचं बी तेवढंच गेलं, ते कळतं मला. पण मी एकटीच रडले. आता ते दोघांचं होत न्हाई."

"घर रंगवलंय मी," मी म्हटलं. "जूनमध्ये ये."

"न्हाई."

"तुझा राग जाईपर्यंत थांबतो. कितीही दिवस."

"राग गेला की," ती म्हणाली. "राग होता तवर मी वाट बघत होते."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भोवऱ्यापाशी, अगदी सावकाश. मग उठली, पदर झटकला, आणि आम्ही घरी आलो.

८ फेब्रुवारी, रविवार. नांदेड

सकाळी निघालो. बोर्ड तिथेच ठेवून आलो, अप्पांनी मागून घेतला. डोळा बरा झाला की पुन्हा भस्म लावीन म्हणाले. वर्षा दारापर्यंत आली. "जपून जा," म्हणाली, आणि आत गेली.

बसमध्ये खिडकीशी बसलो. चाकूरला एक म्हातारी चढली, पार्वतीबाई नाव. गावाकडच्या बायका बोलतात तसं तिनं पहिल्या पाच मिनिटांत माझं गाव, जात, कामधंदा सगळं काढून घेतलं. लेकीकडे नांदेडला निघाली होती, नातवंडांचं कौतुक संपत नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुमाला लेकरं किती, बाबा?"

ऑगस्टपासून हा प्रश्न मी चुकवत आलोय. दुकानात कुणी विषय काढला तर मी पान्हा शोधायला लागतो. आज शोधायला काही नव्हतं.

"एक मुलगी," मी म्हटलं.

"नाव काय?"

"अंबिका."

मी ते पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. बसच्या आवाजातही ते नीट ऐकू आलं.

"ग्वाड नाव हाय. केवढी हाय?"

"लहान आहे," मी म्हटलं. "अजून अगदी लहान आहे."

"दिसती कुनावानी?"

"माझ्यासारखी. डोक्याला भोवरा आहे, उजवीकडे."

म्हातारी हसली. भोवऱ्याची लेकरं लई खट्याळ असतात, म्हणाली. मग तिनं पिशवीत हात घालून राजगिऱ्याचे दोन लाडू काढले, कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. "ऱ्हाऊ द्या, न्हाई म्हणू नका. तुमच्या अंबिकाला आज्जीनं दिले म्हणा."

मी घेतले. लोह्यापर्यंत ती बोलत होती आणि मी तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतो. रात्री झोपते का. झोपते. आईला सोडून राहते का. नाही, आईजवळच असते. बापाला ओळखते का.

मी खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले. तिला वाटलं मला झोप लागली.